फिजीची वृत्तपत्रे आणि कोरी जागा

प्रशांत महासागरातील फिजी द्वीपसमूहाच्या तावेउनी बेटावरून १८० अंशांचे रेखावृत्त जाते. नकाशावरील आंतरराष्ट्रीय वाररेषा या बेटांच्या सोयीसाठी थोडी पूर्वेकडे वळवलेली आहे, आणि त्यामुळे जगातल्या बहुतेक वस्त्यांच्या आधी येथे नवा दिवस उजाडतो. सुवा येथून निघणाऱ्या ‘फिजी टाइम्स’ या दैनिकाने भूगोलाच्या या योगायोगाचा अभिमान बाळगलेला आहे. आज जगात प्रसिद्ध होणारे पहिले वृत्तपत्र ते हेच, अशा आशयाची ओळ ते आपल्या नावासोबत छापीत आले आहे. १२ एप्रिल २००९ रोजी ईस्टरच्या रविवारी वाचकांच्या हाती पडलेल्या अंकात मात्र ठिकठिकाणी नुसता पांढरा कागद होता. शासकीय निर्बंधांमुळे या पानावरील मजकूर प्रसिद्ध करता आला नाही, एवढेच वाक्य त्या रिकाम्या जागांत छापलेले होते. त्याच संध्याकाळी फिजीच्या दूरचित्रवाणीने सहा वाजताच्या बातम्या दिल्या नाहीत.

मराठीत ‘पत्र’ हा शब्द खुशालीच्या चिठ्ठीलाही लागतो आणि छापून विकल्या जाणाऱ्या वर्तमानपत्रालाही. फिजीच्या वृत्तपत्रांचा इतिहास वाचताना या द्व्यर्थाची आठवण पुनःपुन्हा होते, कारण तेथे सत्तेला सर्वांत अधिक खुपले ते पुष्कळदा संपादकांचे अग्रलेख नव्हते. कुणी सामान्य माणसाने सांगितलेली हकीगत, वाचकाने धाडलेले दहावीस ओळींचे पत्र, हीच तेथे खटल्याला आणि चौकशीला कारण झाली. तेव्हा या देशातील मुद्रणस्वातंत्र्याची मोजदाद करावयाची, तर किती पत्रे निघाली यापेक्षा कोणाचे पत्र कोठे छापले गेले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

त्याआधी लहान देशाच्या लहानपणाविषयी दोन शब्द. फिजीत तीनशेहून अधिक बेटे आहेत. त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश बेटांवर माणसांची वस्ती आहे आणि एकूण लोकसंख्या नऊ लाखांच्या आसपास. एवढ्याशा देशात दैनिके दोन किंवा तीन, मोठी छापखान्याची यंत्रे तितकीच, आणि सर्वांत मोठा जाहिरातदार म्हणजे सरकार. जाणता संपादक किंवा व्यवस्थापक बाहेरून आणावा लागला, तर त्याचा कामाचा परवाना सरकारच्या हाती. मोठ्या देशात एका वृत्तपत्राचा गळा आवळला तरी दुसऱ्या शहरातून तिसरे बोलत राहते. बेटावर तसे होत नाही. येथे एक परवाना रद्द केला, एक जाहिरातीचा करार थांबवला, एक माणूस विमानात बसवून दिला, की काम भागते. तुरुंगाची गरज क्वचितच लागते.

‘फिजी टाइम्स’चा पहिला अंक ४ सप्टेंबर १८६९ रोजी ओवालाऊ बेटावरील लेवुका या बंदरगावात निघाला. जॉर्ज लिटलटन ग्रिफिथ्स हा त्याचा संस्थापक. तेव्हा फिजी ब्रिटिशांच्या ताब्यात गेलेले नव्हते; ते १० ऑक्टोबर १८७४ रोजी गेले. लेवुका म्हणजे कापूस, खोबरे आणि दारू यांच्या व्यापारासाठी गोळा झालेल्या गोऱ्यांची वसाहत. पत्र त्यांचे, जहाजांच्या येण्याजाण्याच्या बातम्या त्यांच्या, तक्रारीही त्यांच्याच. पुढे राजधानी सुवाला गेली आणि १८८७ मध्ये पत्रही तिच्यामागून गेले. सत्तेवर टीका करण्याचा वारसा या पत्राला अगदी आरंभापासून होता, हे मान्य करावयास हवे. परंतु ती टीका मळेवाल्यांच्या बाजूने होती. मूळ रहिवाशांच्या जमिनींना संरक्षण देणारा गव्हर्नर त्यांना जाचक वाटे. स्वतंत्र वृत्तपत्र आणि सर्वांचे वृत्तपत्र या दोन निराळ्या वस्तू आहेत, हे फिजीत पहिल्या दिवसापासून स्पष्ट होते.

१४ मे १८७९ रोजी ‘लिओनिडास’ हे जहाज कलकत्त्याहून साडेचारशेहून अधिक हिंदी मजूर घेऊन लेवुकाजवळ नांगरले. पाच वर्षांच्या करारावर माणसे नेण्याची ही पद्धत १९१६ पर्यंत चालली आणि या अवधीत साठ हजारांहून अधिक स्त्रीपुरुष फिजीच्या उसाच्या मळ्यांवर पोहोचले. ‘अ‍ॅग्रीमेंट’चे त्यांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाले आणि ते स्वतः गिरमिटिये झाले. उत्तरेतील बोलीभाषा बोलणाऱ्या आणि पुढे दक्षिणेतूनही आलेल्या या माणसांना छापील शब्दात स्थान नव्हते. बेटावर वृत्तपत्र होते, छापखाना होता, वाचकही होते. परंतु मळ्याच्या ‘कुलंबरा’ने, म्हणजे गोऱ्या देखरेख्याने, काय केले हे सांगण्यासाठी त्यांतले काहीच उपयोगी नव्हते.

कुंतीची हकीगत येथे सांगितली पाहिजे. १० एप्रिल १९१२ रोजी रेवा भागातील नदेवा येथील केळीच्या मळ्यावर या मजूर स्त्रीला इतरांपासून दूर, एकटीला काम देण्यात आले. देखरेख्या तेथे आला तेव्हा त्याच्या हातून सुटण्यासाठी तिने जवळच्या नदीत उडी घेतली. जगदेव नावाचा मुलगा होडीत होता, त्याने तिला बाहेर काढले. मळ्यांवर अशा गोष्टी घडत होत्या आणि मळ्यांवरच विरून जात होत्या. ही विरली नाही, कारण कलकत्त्याच्या ‘भारतमित्र’ या हिंदी पत्राने ती छापली. बेटावरील स्त्रीची तक्रार समुद्र ओलांडून स्वदेशी गेली, तेथे अक्षरांत उतरली आणि मग हिंदुस्थान सरकारच्या पृच्छेच्या रूपाने फिजीच्या अधिकाऱ्यांच्या मेजावर परत आली. अधिकाऱ्यांनी ती खोटी ठरविण्याचा प्रयत्न केला. परंतु तोवर ती पुष्कळ घरांत वाचून झाली होती.

त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात, म्हणजे कुंतीच्या प्रसंगाच्या जेमतेम महिनाभर आधी, गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात करारबद्ध मजुरीची पद्धत बंद करण्याचा ठराव मांडला होता. सरकारी बहुमताने तो फेटाळला गेला. गोखल्यांच्या हाती आकडे होते, आयोगांचे अहवाल होते, आणि त्यांच्या सवयीप्रमाणे ते त्यांनी काटेकोरपणे मांडले. त्या आकड्यांमागील माणसांचे चेहरे उत्तर हिंदुस्थानातील वाचकांना दिसले ते कुंतीच्या हकीगतीमुळे आणि तोताराम सनाढ्य यांच्या ‘फिजीद्वीप में मेरे इक्कीस वर्ष’ या १९१४ च्या पुस्तकामुळे. तोताराम स्वतः गिरमिटिये होते. १८९३ साली गेलेले, १९१४ मध्ये परतलेले. त्यांनी सांगितले आणि बनारसीदास चतुर्वेदी यांनी लिहून काढले. १९१६ च्या मार्चमध्ये मदनमोहन मालवीयांच्या ठरावाला उत्तर देताना लॉर्ड हार्डिंज यांना ही पद्धत बंद करण्याचे तत्त्व मान्य करावे लागले, आणि १ जानेवारी १९२० रोजी फिजीतील उरलेले करारही संपुष्टात आले. राजकीय कारणे अनेक होती. तरीही ज्या देशात अन्याय घडला तेथील छापखान्याचा या घटनाक्रमात जवळजवळ काही वाटा नाही, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

बेटावरच पत्र काढण्याचा पहिला मोठा प्रयत्न मणिलाल डॉक्टर यांच्या नावाशी जोडलेला आहे. बडोद्यात जन्मलेले हे बॅरिस्टर आधी मॉरिशसमध्ये होते. तेथील हिंदी मजुरांचे खटले त्यांनी चालविले आणि १९०९ मध्ये ‘हिंदुस्तानी’ नावाचे पत्र सुरू केले. फिजीतील हिंदी लोकांना वकील हवा आहे, ही बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचली ती गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतील ‘इंडियन ओपिनियन’मधून. वृत्तपत्राच्या एका मजकुराने माणूस एका महासागरातून दुसऱ्या महासागरात जावा, असा तो काळ होता. ऑगस्ट १९१२ मध्ये मणिलाल सुव्याला उतरले. ‘सेटलर’ या नावाचे पत्र त्यांनी त्याच दशकात काढले. त्याचा आवाका लहान होता, ग्राहक गरीब होते. पण हिंदी माणसाने हिंदी माणसासाठी फिजीच्या भूमीवर काढलेले ते पत्र होते.

१९२० च्या आरंभी सुवा आणि रेवा भागांत मजुरांचा संप झाला. महागाई वाढली होती आणि मजुरी जागच्या जागी होती. संपात स्त्रिया पुढे होत्या. त्यांचे नेतृत्व मणिलाल यांच्या पत्नी जयकुमारी यांच्याकडे होते. संप मोडल्यावर गव्हर्नरने मणिलाल यांच्यावर खटला भरला नाही. न्यायालयात नेले असते तर पुरावा द्यावा लागला असता. एका जुन्या अध्यादेशाचा आधार घेऊन वसाहतीच्या मुख्य भागांत दोन वर्षे राहण्यास त्यांना मनाई करण्यात आली. वकिलाला जेथे न्यायालय आहे तेथे राहता येईना आणि संपादकाला जेथे वाचक आहेत तेथे राहता येईना. मणिलाल देश सोडून गेले. न्यूझीलंडमध्ये त्यांना वकिली करू दिली गेली नाही, आणि फिरत फिरत अखेर ते मुंबईस आले. १९५६ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. नको असलेल्या माणसाला बेटाबाहेर घालविण्याचे हे तंत्र पुढच्या नव्वद वर्षांत जुने झाले नाही.

१९२३ मध्ये ‘फिजी समाचार’ निघाले, पुढे ‘वृद्धि’ आणि इतर पत्रे आली. सर्वांत दीर्घायुषी ठरला तो १९३५ च्या मे महिन्यात गुरुदयाल शर्मा यांच्या संपादकत्वाखाली सुरू झालेला ‘शांतिदूत’. मात्र हा हिंदी साप्ताहिकाचा संसार ‘फिजी टाइम्स’च्याच छपराखाली होता. त्याच कंपनीने १९६२ मध्ये मूळ रहिवाशांच्या इतौकेइ भाषेत ‘नाइ लालाकाइ’ काढले. इंग्रजी, हिंदी आणि इतौकेइ अशी तीन पत्रे, तीन निराळे वाचकवर्ग, आणि मालक एक. १९५६ नंतर हा मालकही ऑस्ट्रेलियाचा झाला, आणि १९८७ मध्ये ते सारे रूपर्ट मर्डॉक यांच्या समूहाकडे गेले. १० ऑक्टोबर १९७० रोजी फिजी स्वतंत्र झाले तेव्हा राष्ट्राचा ध्वज नवा होता, संसद नवी होती. देशाचे प्रमुख वृत्तपत्र मात्र परदेशी मालकीचेच राहिले. या गोष्टीची बोच तेथील पुष्कळ जाणत्या लोकांना होती आणि ती खोटी म्हणता येणार नाही. पुढे तिचा कोणी कसा वापर केला, हा निराळा प्रश्न.

१४ मे १९८७ रोजी सकाळी लेफ्टनंट कर्नल सितिवेनी राबुका सशस्त्र सैनिकांसह संसदेत शिरले आणि महिनाभरापूर्वी निवडून आलेले सरकार त्यांनी उलथून टाकले. ‘लिओनिडास’ आल्याला त्या दिवशी बरोबर १०८ वर्षे होत होती. नव्या मंत्रिमंडळात हिंदी वंशाचे मंत्री मोठ्या संख्येने होते, हेच उठावाचे निमित्त. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांनी घडलेले स्पष्ट शब्दांत छापले. त्यानंतर सैनिकांनी ‘फिजी टाइम्स’ आणि १९७४ पासून निघणारे ‘फिजी सन’ ही दोन्ही दैनिके काही दिवस बंद पाडली. २५ सप्टेंबरला राबुकांनी दुसरा उठाव केला, दोन्ही पत्रे पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबरला देश प्रजासत्ताक घोषित झाला. काही आठवड्यांनी ‘फिजी टाइम्स’ सैन्याच्या अटी पत्करून पुन्हा निघू लागले. ‘फिजी सन’ने त्या अटी नाकारल्या आणि ते पत्र कायमचे बंद पडले. (१९९९ पासून त्याच नावाने निघू लागलेले दैनिक निराळे.) दोघांपैकी कोणाचे बरोबर होते, यावर सोपे उत्तर नाही. बंद पडलेल्या पत्राची पत राहिली. निघत राहिलेल्या पत्राने आपल्या वाचकांना काही तरी कळत ठेवले. एकाच वेळी दोन्ही साधण्याची मुभा लहान देशातील संपादकाला मिळत नाही.

१९ मे २००० रोजी जॉर्ज स्पाइट आणि त्याच्या हत्यारबंद साथीदारांनी पंतप्रधान महेंद्र चौधरी यांना मंत्र्यांसह ओलीस धरले. ५६ दिवस चाललेल्या त्या नाट्यात २८ मेच्या रात्री एका चर्चेच्या कार्यक्रमात स्पाइटवर टीका झाली म्हणून जमावाने दूरचित्रवाणी केंद्राची मोडतोड केली आणि प्रक्षेपण बंद पाडले. त्या रात्री एका पोलीस शिपायाचा बळी गेला. जमावाची ही दंडेली उघड होती, निदान तिच्यामागे कायद्याचे नाव नव्हते.

कायद्याचे नाव घेऊन जे झाले ते अधिक खोल गेले. ५ डिसेंबर २००६ रोजी सेनापती व्होरेके बाइनिमारामा यांनी सत्ता हाती घेतली. त्या रात्री सैनिक ‘फिजी टाइम्स’च्या कचेरीत आले आणि बातम्या आपल्याला दाखवून छापाव्यात, असे त्यांनी सांगितले. व्यवस्थापनाने ते नाकारले आणि ६ तारखेचा अंक काढलाच नाही. २००८ च्या फेब्रुवारीत ‘फिजी सन’चे प्रकाशक रसेल हंटर यांना आणि मे महिन्यात ‘फिजी टाइम्स’चे प्रकाशक इव्हान हॅना यांना देशाबाहेर पाठविण्यात आले. दोघेही परदेशी नागरिक होते. १९२० च्या गव्हर्नराला हे तंत्र परके वाटले नसते.

आता त्या पत्राकडे वळावयाचे. २००६ च्या उठावानंतर राष्ट्राध्यक्षांनी केलेल्या कृती कायदेशीर आहेत की नाहीत, हा प्रश्न पदच्युत पंतप्रधान लाइसेनिया गारासे यांनी न्यायालयात नेला होता. ऑक्टोबर २००८ मध्ये उच्च न्यायालयाने त्या कृती वैध ठरविल्या. काही दिवसांनी एका वाचकाचे त्या निकालावर आणि न्यायाधीशांवर कडक टीका करणारे पत्र ‘फिजी टाइम्स’च्या वाचकांच्या पत्रव्यवहारात प्रसिद्ध झाले. न्यायालयाच्या अवमानाचा खटला उभा राहिला. जानेवारी २००९ मध्ये पत्राला एक लाख फिजी डॉलर दंड झाला आणि संपादक नेतानी रिका यांना तीन महिन्यांची तहकूब शिक्षा. मार्चमध्ये रिका यांच्या घरावर पेटत्या बाटल्या फेकण्यात आल्या. आणि ९ एप्रिल २००९ रोजी अपील न्यायालयाने त्याच प्रकरणात उलट निकाल दिला: उठावानंतरचे सरकार बेकायदा आहे. न्यायाधीशांविषयी वापरलेले शब्द कठोर असतील. पण ज्या निकालावर पत्रलेखक रागावला होता, तो निकाल सहा महिन्यांत वरिष्ठ न्यायासनासमोर टिकला नाही.

अपील न्यायालयाच्या त्या निकालाचे उत्तर दुसऱ्याच दिवशी, गुड फ्रायडेला मिळाले. राष्ट्राध्यक्ष जोसेफा इलोइलो यांनी राज्यघटना रद्द केली, सर्व न्यायाधीशांना घरी पाठविले आणि आणीबाणीचे नियम जारी झाले. माहिती खात्याचे अधिकारी पोलिसांना सोबत घेऊन वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत बसू लागले. आरंभी उल्लेख आला त्या रविवारच्या अंकातील कोऱ्या जागा याच दिवसांतल्या. सरकारला त्या कोऱ्या जागाही सहन झाल्या नाहीत. असे करू नये, अशी ताकीद देण्यात आली. ऑस्ट्रेलियाच्या प्रसारण संस्थेचे वार्ताहर शॉन डॉर्नी यांना त्याच आठवड्यात देशाबाहेर जाण्यास सांगण्यात आले.

मग ‘फिजी डेली पोस्ट’ या दुसऱ्या दैनिकाने एक वेगळी वाट काढली. कोरी जागा नको ना, मग मजकूर घ्या. एक माणूस बसमध्ये चढला, अशी बातमी त्याने गंभीर मथळ्याखाली छापली. न्याहारी नेहमीप्रमाणे झाली, ही दुसरी. रंग वाळत असल्याचे वृत्त, तिसरे. नियंत्रकाला यात खोडण्याजोगे काही सापडेना. उपहास हे दुर्बळाचे हत्यार असे म्हणण्याची प्रथा आहे, पण बसमध्ये चढणाऱ्या त्या माणसाच्या बातमीने देशाच्या स्थितीचे जितके यथार्थ वार्तांकन केले तितके त्या आठवड्यात क्वचितच कशाने केले असेल. हे दैनिक पुढे आर्थिक ओढाताणीत बंद पडले.

२८ जून २०१० रोजी माध्यम उद्योग विकास अधिहुकूम आला. सार्वजनिक हित, राष्ट्रहित किंवा सामाजिक सलोखा यांच्या विरुद्ध मजकूर प्रसिद्ध करणे हा त्यानुसार गुन्हा झाला. संस्थेला एक लाख डॉलरपर्यंत, संपादकाला पंचवीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन वर्षांचा कारावास. राष्ट्रहित म्हणजे काय, हे ठरविणारे प्राधिकरण सरकारनेच नेमावयाचे होते. याच अधिहुकमात एक कलम मालकीविषयी होते. वृत्तपत्रांची नव्वद टक्के मालकी फिजीच्या नागरिकांकडे असली पाहिजे, आणि त्यासाठी मुदत तीन महिन्यांची.

हे कलम नीट पाहण्याजोगे आहे. राष्ट्राचे मुखपत्र म्हणविणारे दैनिक परदेशी भांडवलदाराच्या हाती असावे, ही गोष्ट वसाहतवादाचा अवशेष होती. साठ-सत्तरच्या दशकांत आशिया-आफ्रिकेतील अनेक विचारवंतांनी हेच म्हटले होते. येथे तेच म्हणणे बंदूकधारी सरकारच्या तोंडी आले आणि त्याचा उपयोग एका ठराविक पत्राला नमविण्यासाठी झाला. खरे विधान दबावासाठी वापरले गेले म्हणजे त्याचा खोटेपणा सिद्ध करणे कठीण जाते. आणि त्यात वेळ घालवावा, तोवर तीन महिने सरतात. सप्टेंबर २०१० मध्ये ‘फिजी टाइम्स’ गुजराती वंशाच्या कुटुंबाच्या ‘मोतीभाई’ उद्योगसमूहाला विकले गेले. मळेवाल्यांनी लेवुकात काढलेले पत्र १४१ वर्षांनी फिजीतल्या एका हिंदी वंशाच्या व्यापारी घराण्याकडे आले. दुसऱ्या एखाद्या परिस्थितीत तो इतिहासाने केलेला न्याय वाटला असता. नेतानी रिका यांनी संपादकपद सोडले आणि त्यांच्या जागी फ्रेड वेस्ली आले. सरकारी जाहिराती ‘फिजी टाइम्स’ला मिळेनाशा झाल्या, त्या ‘फिजी सन’कडे वळल्या, आणि त्या पत्राच्या पानांचा सूरही सरकारला अनुकूल होत गेला.

मालक बदलला म्हणून पत्र नमले नाही, हेही नोंदले पाहिजे. न्यूझीलंडच्या एका वृत्तपत्रातील फुटबॉलविषयक मजकूर पुनर्मुद्रित केला, त्यात फिजीच्या न्यायव्यवस्थेवर एक शेरा होता, म्हणून २०१३ मध्ये ‘फिजी टाइम्स’ला तीन लाख डॉलर दंड झाला आणि वेस्ली यांना सहा महिन्यांची तहकूब शिक्षा. अंक तरीही रोज निघत राहिला.

त्यानंतर पुन्हा एक पत्र. २७ एप्रिल २०१६ रोजी ‘नाइ लालाकाइ’त इतौकेइ भाषेतील एका वाचकाचे पत्र प्रसिद्ध झाले. मुसलमान हे या भूमीचे नव्हेत, त्यांनी अनेक देशांवर आक्रमणे केली, अशा स्वरूपाची विधाने त्यात होती. फिजीतील मुसलमान हे बहुतांशी गिरमिटियांचेच वंशज. कुंतीच्या पिढीबरोबर त्याच जहाजांतून आलेल्या माणसांची ती नातवंडे-पणतवंडे. पत्र अन्यायकारक होते, आणि ज्यांच्याविषयी लिहिले त्यांच्या मनाला ते लागले असेल यात शंका नाही. संपादकाने ते छापावयास नको होते, असेच बहुतेक वाचक म्हणतील. पण सरकारने केले ते वेगळे. पत्रलेखकासह ‘नाइ लालाकाइ’चे संपादक, ‘फिजी टाइम्स’चे संपादक फ्रेड वेस्ली, प्रकाशक हँक आर्ट्स आणि कंपनी या सर्वांवर राजद्रोहाचा आरोप ठेवण्यात आला. इतौकेइ पत्रातील मजकुराबद्दल इंग्रजी पत्राच्या संपादकाला आरोपी केल्यावर खरा रोख कोणावर आहे, हे सुव्यात कोणालाही विचारावे लागले नाही.

खटला इंग्रजीत चालला आणि पत्र होते इतौकेइ भाषेत. म्हणजे वाद ज्या शब्दांवर, ते शब्द न्यायालयापुढे भाषांतराचे वस्त्र नेसून आले. मराठी वाचकाला येथे १९०८ चा मुंबईतील खटला आठवल्याखेरीज राहणार नाही. ‘केसरी’तील लेखांचे सरकारी भाषांतर मूळ अर्थाला सोडून आहे, हा लोकमान्यांच्या बचावाचा एक मोठा भाग होता. राजद्रोहाचा कायदा ब्रिटिशांनी जेथे जेथे ठेवला, तेथे तेथे देशी भाषेतील वाक्य परकीय भाषेत नेऊन तोलण्याची ही रीतही ठेवली. फरक शेवटात पडला. २२ मे २०१८ रोजी असेसरांनी एकमताने आरोपी निर्दोष असल्याचे मत दिले आणि न्यायाधीशांनी ते मान्य केले. अप्रिय पत्र छापणे आणि राजद्रोह करणे यांत अंतर आहे, हे फिजीच्या न्यायालयात निदान एकदा तरी ठरले.

२०२२ च्या डिसेंबरात निवडणूक झाली आणि बाइनिमारामा यांचे सरकार गेले. पंतप्रधान झाले ते सितिवेनी राबुका. तेच, १९८७ मध्ये छापखान्यांत सैनिक पाठविणारे. मधल्या काळात ते एकदा पंतप्रधान होऊन पायउतारही झाले होते. ६ एप्रिल २०२३ रोजी त्यांच्या सरकारने माध्यम उद्योग विकासाचा कायदा संसदेत रद्द करविला. ‘रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेच्या मुद्रणस्वातंत्र्याच्या यादीत २०२२ मध्ये १०२ व्या क्रमांकावर असलेले फिजी २०२४ मध्ये ४४ वे झाले. १४ मे २०२३ रोजी, ‘लिओनिडास’ आणि पहिला उठाव या दोहोंच्या तारखेला, गिरमिटियांच्या वंशजांपुढे राबुकांनी १९८७ च्या कृत्याबद्दल जाहीर क्षमा मागितली. तिचे मोल कोणी किती मानावे, हे ज्यांची मागितली त्यांनी ठरवावयाचे आहे. हजारो कुटुंबे १९८७ नंतर ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि कॅनडात निघून गेली होती. वृत्तपत्रांचे अनेक वाचकही त्यांच्याबरोबर गेले.

बातम्यांच्या कचेऱ्यांतून मात्र कायदा तितक्या सहजपणे गेला नाही. २००९ नंतर या पेशात आलेल्या तरुणांना नियंत्रकाशिवायची संध्याकाळ किंवा दंडाच्या धाकाशिवायचा अंक ठाऊकच नव्हता. जुन्या जाणत्यांपैकी कित्येक सरकारी प्रसिद्धी विभागांत गेले, कित्येक देशाबाहेर. मंत्र्याला फोन करून उलट प्रश्न विचारावा आणि उत्तर न मिळाल्यास तेही छापावे, ही साधी सवय नव्याने शिकवावी लागत होती. आणि ती शिकविणारे वरिष्ठ वार्ताहर दोन-तीन कचेऱ्यांत मिळून मोजकेच उरले होते.